कांदा लाइनीत आहे

नाशिकचा कांदा बांगलादेशाला पाठवणं हे ज्याने कधी पाठवला नाही त्याला फार सोपं वाटतं. पिंपळगावच्या लिलावात माल घ्यायचा, खळ्यावर निवडायचा, गोण्या भरायच्या, गाडीवर ताडपत्री आवळायची आणि टायरखाली लिंबू ठेवून ड्रायव्हरला वाटेला लावायचं. गाडी धुळे, नागपूर, रायपूर करत जवळपास दोन हजार किलोमीटर तोडते आणि चार-पाच दिवसांत पश्चिम बंगालच्या सरहद्दीपाशी जाऊन उभी राहते. इथवर सगळं चोख. मग शेवटचे दोन किलोमीटर उरतात, आणि तिथे आमची साडेसाती सुरू होते.

नाके बरेच आहेत. पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर, हिली. पेट्रापोल सगळ्यांत मोठं. बांगलादेशाशी जमिनीवरून होणाऱ्या व्यापाराचा सुमारे 70 टक्के भाग तिथूनच जातो, आणि 2016 पासून तिथे गोदामं, वजनकाटे, सगळ्या खात्यांची ऑफिसं एकाच आवारात आहेत. आमची गाडी यांतल्या कुठल्या नाक्यावर अडकली ते मात्र मी सांगणार नाही. दुसरी गाडी भरून तयार आहे आणि तीही तिथूनच काढायची आहे.

तात्या, म्हणजे आमचे वडील, रोज संध्याकाळी खळ्यावर विचारायचे, "गेली का रे गाडी?"

"लाइनीत आहे."

काही दिवसांनी त्यांनी गाडीचं विचारणं सोडलं. "लाइन तरी आहे ना जागेवर?" एवढंच विचारायला लागले.

शेवटी मीच गेलो. मालक समोर जाऊन उभा राहिला की काम होतं, असा आमच्या निफाड तालुक्यात एक समज आहे. काम काही होत नाही, फक्त मालकही लाइनीत लागतो. आमचा ड्रायव्हर अण्णा एव्हाना तिथला रहिवासी झाला होता. केबिनच्या दारात दोरी बांधून बनियन वाळत घातलेलं, स्टोव्हवर भात, आणि शेजारच्या पंजाबातल्या ड्रायव्हरशी चुलत्या-पुतण्यासारखा घरोबा. मला बघून म्हणाला, "या शेठ. चहा घ्या. घाई करून इथं कुणाचं भलं झालेलं नाही."

घाई करायची तरी कुठे? पलीकडे आठवड्याची सुटी शुक्रवार-शनिवार, अलीकडे शनिवार-रविवार. त्यांची घड्याळं आपल्यापुढे अर्धा तास, म्हणजे त्यांचं जेवण आटोपून हात धुऊन होतात तोवर आपल्या बाजूचे डबे उघडतात. त्यात दुर्गापूजा आणि ईद, दोन्हीकडचे सण दोन्हीकडच्यांना लागतात. कॅलेंडर समोर ठेवून मी कामाचे दिवस मोजायला बसलो आणि गणपतीपर्यंत आल्यावर नाद सोडला.

कागद म्हणाल तर इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ एक्स्पोर्ट, बँकेची एलसी (पैसे मिळण्याची हमी), कांद्याला रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला, पलीकडच्या व्यापाऱ्याचा आयात परवाना, शिवाय गाडी आणि ड्रायव्हर पलीकडे जाऊन माल उतरवून परत येणार म्हणून त्यांचा कारपास. हे सगळं सांभाळायला एजंट असतो. आमचा एजंट मोठा गोड माणूस. नाही हा शब्द त्याच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही. काहीही विचारा, "होये जाबे, दादा." होऊन जाईल. कधी, ते त्यात येत नाही.

एका सकाळी नंबर लागला. गाडी काट्यावर चढली आणि काट्यावरचा आकडा इन्व्हॉइसपेक्षा काही क्विंटलनी कमी आला. टेबलामागच्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाकीचा माल कुठे गेला?"

"वाळला, साहेब."

"म्हणजे?"

आता कांदा वाळतो हे साहेबांना कसं पटवावं? सालं उडतात, पाणी उडतं, ताडपत्रीखाली उकाड्यात बसून बसून तो बारीक होतो. मी हे सगळं हिंदीतून, हातवारे करून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तसं लिहून द्या."

मग एजंटाच्या टपरीत बसून मी लेटरहेडवर लिहिलं की सदर कांद्याचे वजन प्रवासात नैसर्गिकरीत्या कमी झाले असून त्यात कोणाचाही हात नाही. कांदा स्वखुशीने वाळला, एवढंच लिहायचं राहिलं होतं. एजंटाने वाचून मान डोलावली आणि खाली शिक्का मारायला सांगितलं. शिक्का पिंपळगावला. तो कुरिअरने येईपर्यंत रात्री धो-धो पाऊस पडला, ताडपत्रीत एके ठिकाणी भोक निघालं, गोण्या भिजल्या आणि पुन्हा काटा केला तेव्हा वजन इन्व्हॉइसच्या वर गेलं. साहेबांनी पुन्हा चष्म्यावरून पाहिलं. मी न विचारता पेन काढलं.

भरताना माल एक नंबर होता. पार्किंगमध्ये त्याचा दोन नंबर झाला, आणि पावसानंतर एक गोणी फोडून बघितली तर निम्म्या कांद्यांना हिरवे कोंब. बोटं लांब करून ते बहुधा पलीकडचं गाव बघत होते. खालच्या थरातल्या वासाबद्दल बोलत नाही. अण्णाने त्यातलेच बरे बघून रोज भाजीत घातले, तेवढीच काय ती आमची विक्री.

तरी नशीब म्हणायचं की मधेच अधिसूचना निघाली नाही. 14 सप्टेंबर 2020 ला एका दिवसात निर्यातबंदी झाली तेव्हा नाक्यांवर उभ्या असलेल्या गाड्या जागच्या जागी अडकल्या. 2023 च्या ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यातशुल्क आलं, तेही शनिवारी, आणि त्याच डिसेंबरात पुन्हा बंदी. पलीकडे त्यांचा नवा कांदा निघाला की तेही आयात परवाने बंद करतात. त्यामुळे आम्ही कांदेवाले सकाळी देवाआधी मोबाइल बघतो.

एकदाची गाडी पलीकडे गेली. मी हात जोडले. अण्णाने हॉर्न दिला. फक्त आमचीच गेली असती तर ठीक होतं. लाइन सुटली म्हणून सगळ्यांच्याच सुटल्या, इतका कांदा एकदम उतरला आणि तिथला भाव पडला. संध्याकाळी आयातदाराचा फोन आला. भाव हा असा, माल कोंबाळलेला, शिवाय वजन कमी भरलं, तेवढे पैसे कापतो.

मी त्याला वजन कमी झाल्याचं पत्र व्हॉट्सॲपवर पाठवलं, शिक्क्यासकट. त्याने लगेच अंगठा दाखवला. पैसेही कापले.