फॉकलंड ‘एका दिवसात’ जाणार, हे खरं का नाही

“ब्रिटनचं नौदल नावापुरतं उरलंय, अर्जेंटिनानं एफ-१६ घेतली, चागोसवर तर ब्रिटननं पाणीच सोडलं, आता फॉकलंड एका दिवसात जाणार.” हा मेसेज सध्या जोरात फिरतोय. फॉकलंड ही दक्षिण अटलांटिकमधली ब्रिटनच्या ताब्यातली बेटं, अर्जेंटिनाही त्यांवर हक्क सांगते; चागोस ही हिंदी महासागरातली. त्यातल्या काही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

नौदल आटलंय, हे मान्य. १९८२ साली ब्रिटननं शंभरावर जहाजं जवळपास तेरा हजार किलोमीटरवर पाठवली. त्यांचं प्रमुख जहाज ‘हर्मीस’ पुढे आपली ‘आयएनएस विराट’ झालं. तसा ताफा उभा करणं ब्रिटनला आज जड जाईल. पण तो ताफा लागला होता अर्जेंटिनानं घेतलेली बेटं परत मिळवायला. तेव्हा बेटांवर मरीन सैनिकांची जेमतेम एक तुकडी होती, लढाऊ विमान एकही नव्हतं. म्हणून २ एप्रिलला बेटांची राजधानी स्टॅनली काही तासांत पडली.

आज तिथे माउंट प्लेझंट आहे, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाव नाही. १९८५ साली सुरू झालेल्या या हवाई तळावर चार टायफून लढाऊ विमानं आणि विमानं पाडणारी स्काय सेबर क्षेपणास्त्रं तैनात असतात. चार विमानं थोडी वाटतात, पण त्यांचं काम वेळ मिळवून देण्याचं आहे. लांब धावपट्टीवर मोठ्या विमानांतून कुमक उतरवता येते. अर्जेंटिनाकडे विमानवाहू जहाज नाही. २०१७ मध्ये ‘सान हुआन’ पाणबुडी ४४ जणांसह बुडाली, त्यानंतर पाणबुडी दलही जवळजवळ ठप्प आहे.

राहिली एफ-१६ लढाऊ विमानं. डेन्मार्ककडून २४ वापरलेली विमानं ठरली, त्यातली पहिली सहा डिसेंबर २०२५ मध्ये पोचली. खरी अडचण इंधनाची. १९८२ मध्येही अर्जेंटिनाच्या वैमानिकांना मुख्य भूमीवरून येऊन बेटांवर मोजकी मिनिटंच मिळायची. एफ-१६ला हवेत इंधन घ्यायचं तर टँकरची ताठ दांडी तिच्या पाठीवरच्या खाचेत बसावी लागते. अर्जेंटिनाची केसी-१३० विमानं मात्र मागे नळी सोडून इंधन देतात. दोघांचा मेळच बसत नाही.

चागोसची तुलना तर मला सरळ अन्यायकारक वाटते. चागोसमधल्या दिएगो गार्सिया बेटावरच्या लष्करी तळासाठी तिथल्या माणसांना १९६८ ते १९७३ दरम्यान घराबाहेर काढलं गेलं. चागोस कुणाचं, यावर मॉरिशसनं पुढे लढवलेल्या खटल्यावर त्याच अन्यायाची सावली होती. मे २०२५ मध्ये चागोस मॉरिशसला देण्याचा करार झाला, त्यातही तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं ब्रिटनकडेच ठेवलाय. फॉकलंडमध्ये साडेतीन हजारांवर माणसं राहतात, कित्येक घरं पिढ्यान्‌पिढ्या. २०१३ च्या जनमतात १,५१७ मतं पडली; ब्रिटनबरोबर राहण्याच्या विरोधात फक्त तीन.

हे जनमत अर्जेंटिनाला मान्य नाही. १८३३ साली ब्रिटननं बेटं बळकावून आपली माणसं वसवली, त्यांना स्वयंनिर्णयाचा हक्क कसला, असं तिचं म्हणणं आहे. वाद आहे, हे संयुक्त राष्ट्रांनीही १९६५ च्या २०६५ क्रमांकाच्या ठरावात मान्य केलंय. पण तोच ठराव दोन्ही देशांना वाटाघाटी करायला सांगतो, आणि त्या करताना बेटवासीयांचं हित ध्यानात ठेवायलाही.