वड्यातला बटाटा आणि पोटोसीची वेठ

काल कट्ट्यावर पश्या वडापाव खाता खाता म्हणाला, "काही म्हणा, स्पॅनिश लोक अमेरिकेत गेले नसते तर हा बटाटा आपल्यापर्यंत आला नसता. मिरचीसुद्धा!"

वैशाली तडकलीच. "अरे, पण पिकवला कोणी? दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगररांगांमधल्या शेतकऱ्यांनी, हजारो वर्षं. रात्रीच्या कडाक्यात बटाटे उघड्यावर पसरायचे, मग पायांनी तुडवून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचे. त्याला चुन्यो म्हणतात, वर्षानुवर्षं टिकतो. हाच चुन्यो पोटोसीच्या खाणींवर नेऊन विकला आणि कित्येक स्पॅनिश माणसं गब्बर झाली."

पोटोसी आजच्या बोलिव्हियात, चार हजार मीटर उंचीवर. तिथल्या डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली. पुढे स्पेनच्या व्हाइसरॉय तोलेदोनं १५७०च्या दशकात मिता नावाची वेठ लावली: ठरलेल्या प्रांतांतून सातातला एक धडधाकट पुरुष पाळीनं खाणीवर. वर्षाला तेरा हजारांच्या आसपास माणसं.

"पण मिता स्पॅनिशांच्या आधी तिथं राज्य करणाऱ्या इंकांचीच ना?" बापू म्हणाला. "आणि स्पेनच्या राजानं १५४२ मध्ये आदिवासींना गुलाम करायला बंदी घातली होती."

मुद्दा बरोबर होता, वैशालीनंही मानला. "शब्द इंकांचा. पण इंकांच्या पाळीत राज्य कामकऱ्याला खाऊपिऊ घालायचं. इथं मजुरी मिळायची, ती पोटाला पुरायची नाही. तितिकाका सरोवराकडचे लोक बायकापोरं, लामा, शिधा घेऊन दोन-दोन महिने चालत यायचे. गुलाम म्हणायचं नाही, एवढंच."

मग तिनं जे सांगितलं ते मला खाणीत मेलेल्यांच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त लागलं. वेठ चुकवायची तर गाव सोडायचं. दुसऱ्या प्रांतात गेलं की माणूस 'फोरास्तेरो', म्हणजे परका. परक्याला मिता नाही, पण गावच्या जमिनीवर हक्कही नाही. वाडवडिलांची शेतं टाकून लोक असे परके होत गेले.

"आणि मागं राहिले त्यांचं काय?" पश्यानं विचारलं. वडा हातातच होता.

"गावावर आकडा बसलेला. माणसं घटली तरी तो सहजी कमी व्हायचा नाही. पळालेल्याची पाळी शेजाऱ्यावर. नाहीतर मुखियानं पैसे भरायचे."

स्पेनच्या संसदेनं मिता रद्द केली ती १८१२ मध्ये. बापू बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आणि तो डोंगर?"

"आजही पोखरतायत," वैशाली म्हणाली. "गालात कोकाची पानं धरून माणसं आत जातात."