खरचटलेली चाकं आणि ‘अर्धवट माहिती’

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. कडेला खरचटलेली जुनी अलॉय व्हील (अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं) घरी घासून रंगवण्याच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, "पुट्टी भरून चाकाला ताकद येत नाही. अर्धवट माहितीवर लोकांच्या जिवाशी खेळू नका." शिवाय नटांच्या बैठकीवरचा रंग, स्प्रे कॅनचा न टिकणारा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर), आणि हे काम वर्कशॉपचंच, असं बरंच काही.

आधी बरोबर आहे ते मान्य करतो. नट जिथे टेकतो तो खोलगट भाग आणि चाकाची हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकणारी मागची बाजू टेप लावून झाकायची, हे लेखात राहून गेलं. तिथे रंगाचा थर राहिला तर तो पुढे दबतो, झिजतो आणि आवळलेला नट ढिला पडतो. ती ओळ आज घातली आहे. आभार.

पण पुट्टीने ताकद येते, असं मी कुठे लिहिलंय? दुसऱ्याच परिच्छेदात स्पष्ट लिहिलंय की तडा गेलेलं, वाकलेलं किंवा तुकडा उडालेलं चाक घरी दुरुस्त करायचं नाही. चाक उतरवून आतली बाजूही धुऊन बघा, कारण तडे बरेचदा आतल्या कडेला असतात, हेही तिथेच आहे. पुट्टी भरायची ती फुटपाथला घासून पडलेल्या ओरखड्यांत, पृष्ठभाग एकसारखा दिसावा म्हणून. मी न केलेला दावा माझ्या तोंडी घालायचा आणि वर जिवाशी खेळ म्हणायचं, ही टीका करायची रीत नव्हे.

आणि ‘अर्धवट माहिती’ हा शब्द मला लागला, ते लपवत नाही. सतरा वर्षांपूर्वी मी पहिली सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा तिच्या चारही चाकांच्या कडा करवतीसारख्या झाल्या होत्या. पहिलं चाक दोन दिवस घासलं, पुट्टी भरली, रंगवलं. रंग पडताक्षणी त्यात बारीक बारीक गोल खड्डे उमटले. टायर चमकवायला लावलेलं सिलिकॉनचं पॉलिश रिमवर उतरलं होतं आणि मी ते पुसलंच नव्हतं. तरी तसंच दामटलं. दोन महिन्यांनी चाक धुताना कडेचा एक पोपडा नखाला लागला. ओढला तर बोटभर लांब पापुद्रा सळसळत निघून आला, मागे प्रायमर चिकटलेला आणि खाली अ‍ॅल्युमिनियम लख्ख. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच धरतो आणि साधा प्रायमर त्याला धरून राहत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. तो पापुद्रा अजून माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे.

मग सगळं खरवडून पुन्हा सुरुवात केली. १२० चा पॉलिश पेपर, मग १८०, पुट्टीवर ३२०. घासण्याआधी आणि घासल्यानंतर, दोन्ही वेळा मेण आणि ग्रीस काढणारं द्रावण. उघड्या धातूवर सेल्फ एचिंग प्रायमर (आम्लामुळे धातूला चावून धरणारा), तो वाळल्यावर ६०० चा पेपर पाण्याने. रंगाचे तीन पातळ हात, दोन हातांमध्ये दहा-दहा मिनिटं. ती चाकं सहा वर्षं वापरली आणि गाडीबरोबरच विकली. त्यानंतर स्वतःचे आणि मित्रांचे मिळून पाच सेट केले. याला तुम्ही अर्धवट म्हणणार असाल तर पूर्ण कशाला म्हणता, तेही एकदा लिहा.

क्लिअर कोटबद्दल एवढंच, की एक घटकाचा क्लिअर पेट्रोलने मऊ पडतो आणि दोन घटकांचा, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा, जास्त टिकतो. पण दुसऱ्यात आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं, तिथे साधा धुळीचा मास्क चालत नाही. लेखात दोन्ही आहे. वर्कशॉपचं म्हणाल तर लेथवर चकाकी काढलेली डायमंड कट चाकं तिथेच न्यायची, हेही मीच लिहिलंय. बाकीच्या चाकांबद्दल ते तुमचं मत आहे, त्यावर मी वाद घालत नाही.

यापुढे चूक दाखवायची असेल तर जरूर दाखवा, नटांची दाखवलीत तशी, मी दुरुस्त करेन. पण आधी लेख पूर्ण वाचा. चाक बसवल्यावर नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे आणि ५० ते १०० किलोमीटर चालवून पुन्हा तपासायचे, हे त्याच्या शेवटच्या ओळीत आहे. तिथवर तुम्ही पोचलाच नाहीत.