एक फील्ड वाढवलं, एवढंच!

८० फील्डच्या रेकॉर्डात एक फील्ड वाढवलं. एक! तेही ‘मेबी टेक्स्ट’, म्हणजे असला तर मजकूर, नाहीतर रिकामं. आणि जीएचसी (हॅस्केल भाषेचा कंपायलर) असं बसलं की चहा झाला, पिऊन झाला, कप विसळून झाला, टर्मिनलवर तीच ओळ.

का, तर ‘मेकलेन्सेस’: दर फील्डमागे ते वाचायला-बदलायला एक फंक्शन, म्हणजे लेन्स, आपोआप लिहून देणारं. प्रत्येक लेन्स ८१ फील्ड उघडते, एक बदलते, ८१ परत जोडते. अशा लेन्स ८१. म्हणजे ६५६१ नावं. काल ६४०० होती. एका फील्डमागे १६१! सावकारसुद्धा लाजेल. वर कोड सोपा करणारा कंपायलरचा सिम्प्लिफायर त्या सगळ्यांवरून फेऱ्यांवर फेऱ्या मारणार. वापरात लेन्स किती? चार.

त्यात ती डिरायव्हिंगची, म्हणजे कंपायलरकडून आयता कोड लिहवून घ्यायच्या क्लासांची, वरात: शो, ईक्यू, ऑर्ड, रीड, जेनेरिक, टूजेसन, फ्रॉमजेसन (जेसन मजकुरात न्यायचं-आणायचं). मजकुरातून व्हॅल्यू वाचणारा रीड कशाला? कुणी वाचतं का ते? कंपाइलला महाग, चालायलाही मंद, तरी प्रत्येक टाइपच्या बोडक्यावर आहेच. जेनेरिकची तऱ्हा आणखी निराळी. आधी रेकॉर्डचं झाड करायचं, पानापानावर फील्डच्या नावाचा टाइप चिकटवायचा, मग ऑप्टिमायझरने घाम गाळून तेच झाड तोडायचं. ‘-डीशो-पासेस’ लावून कंपायलरच्या दर टप्प्यानंतरचा कोडचा आकार बघा, टर्म्सपेक्षा (म्हणजे खऱ्या कोडपेक्षा) टाइप्सचाच आकडा फुगलेला असतो.

आणि हजारो आकड्यांचं टेबल कोडमध्ये सरळ लिस्ट लिटरल म्हणून ओतणारे, आपोआप कोड लिहिणारे जनरेटर! वर टाइप सिग्नेचरही नाही. मजकुराचे शब्द तोडणारा कोड लिहिणाऱ्या ॲलेक्सला ‘-जी’ दिलं की तो असली टेबलं निमूट स्ट्रिंग लिटरलमध्ये भरतो. बघून तरी शिका.

‘-जे८ दे ना, आठ कोअर लागतील’ म्हणणारा भेटला की डोकंच फिरतं. अरे बाबा, समांतर चालतात ती मॉड्यूल्स, आणि इथे सगळं एकाच मॉड्यूलमध्ये कोंबलंय. एक कोअर राबतो, सात गंमत बघतात.

अर्थात, मागवलं कुणी? आपणच. बॉयलरप्लेटचा कंटाळा आपल्याला, सात क्लास एका ओळीत लावले म्हणून कॉलर ताठ आपली, शिव्या मात्र कंपायलरला. हॅस्केल लेझी आहे म्हणे. लेझी कोण ते दिसतंच आहे.

असो. हे सगळे टाइप चार-पाच मॉड्यूल्समध्ये फोडा, रीड उडवा, प्रत्येक फाइलच्या माथ्यावर ‘ऑप्शन्स_जीएचसी -ओ०’ टाका, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद. फक्त मग लेन्स बाहेरच्या मॉड्यूल्समध्ये इनलाइन होत नाहीत (वापराच्या जागी उलगडत नाहीत), आणि जेनेरिकचं ते झाड रनटाइमला खरोखरच उभं राहतं. म्हणून जे जेसन दर रिक्वेस्टला लागतं, त्याचा इन्स्टन्स (त्या क्लासचा कोड) हाताने लिहा.

हो, ८१ फील्ड. हाताने.