फॉरवर्डने पिक्सेल मोजले, मापले नाहीत

नाशिकच्या ग्रुपांवर सध्या फिरतंय: “पंचवीस हजारांच्या मोबाईलला २०० मेगापिक्सेल, गिरवलीच्या दुर्बिणीला अवघे ४! जुन्या दुर्बिणींच्या कॅमेऱ्यांवर कोट्यवधी उधळण्यापेक्षा मोबाईलचाच सेन्सर बसवा. नाहीतरी वर जेम्स वेब आहेच.” सोसायटीतल्या काकांनी मला तो मुद्दाम पाठवला, खाली डोळा मारणारा चेहरा.

४ हा आकडा खरा. पुणे-नाशिक रस्त्यापासून आत असलेल्या, आयुका या पुण्याच्या खगोलसंस्थेच्या त्या २ मीटर दुर्बिणीच्या आयफोस्क कॅमेऱ्यात २०४८ × २०४८ पिक्सेलांचा सीसीडी, म्हणजे प्रकाश टिपणारा सेन्सर, आहे. पण त्याचा एक पिक्सेल १३.५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), फोनचा साधारण ०.६. क्षेत्रफळात पाचशेपट फरक, म्हणजे फोनच्या पिक्सेलाला प्रकाश झेलायला तेवढीच कमी जागा. (फोनलाही हे कळतं. एरवी तो सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो.)

बारीक पिक्सेलांनी तपशील वाढेल म्हणावं, तर हवा आड येते. जमिनीवरून ताऱ्याचा ठिपका एक आर्कसेकंदाच्या (अंशाच्या ३६०० व्या भागाच्या) आसपास फिसकटतो. आयफोस्कचे तीन-चार पिक्सेल त्यावर आडवे बसतात, तेवढे पुरतात. तिथे मोबाईलचा सेन्सर ठेवला तर आडवे सत्तरेक बसतील. चिमूटभर प्रकाश हजारो पिक्सेलांत वाटला जाणार, आणि वाचताना प्रत्येक पिक्सेल आपली खरखर त्यात मिसळणार.

शिवाय उष्णता. मे महिन्यात गच्चीवर मी माझ्या कॅमेऱ्याला झाकण लावून पाच मिनिटांचं एक्स्पोजर घेतलं. चित्र काळं कुळकुळीत यायला हवं होतं. आलं ते तव्यावर राजगिरा सांडल्यासारखं. कूलर लावून सेन्सर शून्य अंशावर आणला, तेव्हा बहुतेक दाणे गेले. मोठ्या दुर्बिणींचे सीसीडी उणे शंभरच्या आसपास ठेवतात ते याचसाठी. चिलीतल्या रुबिन वेधशाळेचा कॅमेरा तर ३२०० मेगापिक्सेलचा आहे, पण त्याचेही पिक्सेल १० मायक्रॉनचे. इतके पिक्सेल घेतले ते आकाशाचा मोठा तुकडा एका दमात टिपायला.

जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीचं म्हणाल, तर ते मुख्यतः अवरक्तात, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात बघतं, आणि त्याच्या वेळेसाठी जगभरातून अर्ज पडतात. एका सुपरनोव्हाची, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याची, तेजस्विता महिनाभर रोज मोजायला ते कोण देणार?

राहिली जुनी दुर्बीण. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या ५ मीटर दुर्बिणीचं उद्घाटन १९४८ सालचं. तिच्यावर आधी फोटोच्या काचा लावत; प्रकाशाचे शंभर कण (फोटॉन) पडले तर एक-दोनच त्यांच्या हाती लागत. सीसीडी बसल्यावर, १६ ऑक्टोबर १९८२ ला, शनीच्याही कक्षेपलीकडे असलेला हॅलेचा धूमकेतू परतताना सगळ्यांत आधी तिलाच दिसला. आरसा तोच होता, काका.