सांगलीचे हजारे, बॉस्टनचा विल्यम्स आणि मला कोण विचारतंय

रविवारी इथं बॉस्टनला पहाटे साडेपाचला, म्हणजे तिकडं भारतात दुपारचे तीन, फॅमिली ग्रुपवर परत तेच सुरू. विजय मर्चंट मोठे बॅट्समन की विजय हजारे. हजारे जन्माने सांगलीचे, आम्हीपण सांगलीचे, त्यामुळे काकांचं उत्तर मी शाळेत असल्यापासून ठरलेलं आहे. पुण्याचा भाचा मध्येच म्हणाला की दोघंही आज असते तर बुमराहची दुसरी ओव्हर बघायला क्रीजवर नसते, त्यावर काकांचे अकरा मेसेज. मी गप्प बसायचं सोडून लिहिलं की अहो, आधी मोठं म्हणजे काय ते तरी ठरवा, इकडं बेसबॉलमध्ये विल्यम्स आणि डिमॅजिओवरून ऐंशी वर्षं भांडतायत पण निदान आकडे पुढ्यात ठेवून भांडतात. काकांचं उत्तर आलं, "बाळ, तू तिकडं बसून पंचगिरी करू नकोस. आधी स्वतःचा पासपोर्ट कुठला ते बघ." खाली चार जणांचे हसरे चेहरे, त्यात माझा सख्खा भाऊ.

तर आता इथं सविस्तर लिहिते, ग्रुपवर कोणी वाचत नाही.

१९४१ चा सीझन घ्या. न्यूयॉर्क यँकीजचा जो डिमॅजिओ सलग ५६ मॅचमध्ये हिट मारतो, मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, एकही मॅच रिकामी नाही. बॉस्टन रेड सॉक्सचा टेड विल्यम्स, वय वर्षं तेवीस, तोच सीझन .४०६ अॅव्हरेजने संपवतो. बेसबॉलमध्ये दहापैकी तीनदा हिट मारणारा माणूस मोठा समजतात, हा चारच्या वर गेला, आणि त्यानंतर आजतागायत मेजर लीगच्या दोन मुख्य लीगमध्ये, अमेरिकन आणि नॅशनल, पूर्ण सीझन .४०० कोणी गाठलेलं नाही. शेवटच्या दिवशी सकाळी त्याचं अॅव्हरेज होतं .३९९५५, कागदावर .४००च धरलं असतं. मॅनेजर म्हणाला बसायचं तर बस. हा बसला नाही, फिलाडेल्फियात त्या दिवशीच्या दोन्ही मॅच खेळला, आठात सहा हिट. आणि एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, कोणाला केलं? डिमॅजिओला. बॉस्टनमध्ये हा विषय काढलात तर लोक लगेच सांगतील की त्या ५६ मॅचच्या काळात जोचं अॅव्हरेज .४०८ होतं आणि आमच्या टेडचं .४१२.

१९४७ ला तर विल्यम्सने अॅव्हरेज, होमरन, रन्स बॅटेड इन, तिन्हीत पहिला नंबर काढला, तरी एमव्हीपी परत जोला, २०२ विरुद्ध २०१. एका पॉइंटाने! मतं देणार पत्रकार, आणि पत्रकारांशी याचं कधी पटलं नाही. तोंडाने फटकळ, लोकांना टोपी काढून दाखवायची नाही, १९५६ ला तर हूटिंग करणाऱ्यांकडे बघून थुंकला आणि ५००० डॉलर दंड झाला. (आमच्या वाड्यात असा माणूस असता तर त्याला 'तऱ्हेवाईक' म्हणून सोडून दिलं असतं, आणि त्याच्याशिवाय पंगतही बसली नसती.) दुसऱ्या महायुद्धाने त्याची तीन वर्षं खाल्ली, कोरियाच्या युद्धाने जवळजवळ दोन, विमानं उडवत होता. तरी ५२१ होमरन. आणि कारकिर्दीचं ऑन-बेस, म्हणजे बॅटिंगला आल्यावर बाद न होता बेसवर पोचायचं प्रमाण, .४८२, आजही यादीत पहिला. १९६० ला फेनवेमध्ये, रेड सॉक्सच्या मैदानात, शेवटच्या वेळी बॅट घेऊन उभा राहिला, होमरन मारला आणि टोपीला हात न लावता आत निघून गेला.

यँकीवाले म्हणणार की वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, किती? जोच्या १३ सीझनमध्ये ९ जिंकलेल्या. विल्यम्सच्या वाट्याला एकच आली, १९४६ ची, त्यात २५ पैकी ५ हिट आणि टीम हरली. शिवाय जो सेंटर फील्डमध्ये काय धावायचा, आणि ३६१ होमरन मारणारा माणूस अख्ख्या करिअरमध्ये फक्त ३६९ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, आजच्या पोरांचं हे दोन सीझनमध्ये होतं. याला उत्तर देणं अवघड आहे म्हणून मी देत नाही.

फेनवेत उजवीकडच्या ब्लीचर्समध्ये, म्हणजे उघड्या स्टँडमध्ये, सगळ्या हिरव्या खुर्च्यांत एकच लाल खुर्ची आहे. ९ जून १९४६ ला विल्यम्सचा होमरन तिथं ५०२ फुटांवर पडला, एका माणसाच्या गवती हॅटवर. मी प्रत्येक पाहुण्याला ती दाखवते. भावालापण दाखवली होती, तो म्हणाला, बरं, आणि खायला काय मिळतं? आत्ता वर बघितलं तर मी 'आमच्या टेडचं' असं लिहून गेलेय. हे असलं 'आमच्या' काकांनी पूर्वी एकदा पकडलंय.

आता ते आकडे समोर ठेवून भांडतात वगैरे. मी हे ग्रुपवर लिहिलं खरं, पण मला बेसबॉल ज्यांनी शिकवला ते बॉस्टनजवळच्या मेडफर्डचे आमचे घरमालक, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, ते पहिल्यावर, त्यांनी एकही आकडा कधी सांगितला नाही. उन्हाळ्यात पोर्चवर रेडिओ लावून बसायचे, मी ऑफिसातून टी (इथली मेट्रो) आणि बस करून आले की हाक मारायचे. जन्म नॉर्थ एंड या बॉस्टनच्या इटालियन वस्तीतला, आयुष्य बॉस्टनमध्ये, आणि बाजू कोणाची तर डिमॅजिओची! यँकीची! त्याचा भाऊ डॉम रेड सॉक्सकडून खेळायचा आणि बॉस्टनवाले गाणं म्हणायचे की हा जोपेक्षा भारी, तर तेवढं पळवाट म्हणून वापरायचे, मी डिमॅजिओ घराण्याचा फॅन आहे म्हणे. एकदा विचारलं का हो, तर म्हणाले की ४२ साली माझ्या आईला फोटो चिकटवलेलं पुस्तक घेऊन फिरावं लागायचं, शत्रूदेशाची, म्हणजे इटलीची, परकी बाई म्हणून. जोचा बाप सॅन फ्रान्सिस्कोचा इटालियन कोळी, त्यालाही त्याच्याच समुद्रावर जायला बंदी, पोरगा देशाचा हीरो असताना. "मग मी कोणाचा फॅन असणार?"

मी तेव्हा ग्रीन कार्डवर होते. त्या कार्डावर ए नंबर असतो, ए म्हणजे एलियन. मी काही बोलले नाही, वर जाऊन कुकर लावला.

विल्यम्सची आई मेक्सिकन वंशाची होती, हे मला फार नंतर कळलं. खेळत होता तोवर त्याने हे फारसं कोणाला कळू दिलं नाही. ज्या बॉस्टनने त्याला डोक्यावर घेतलं ती टीम कृष्णवर्णीय खेळाडू घेणारी मेजर लीगमधली सगळ्यात शेवटची, १९५९ ला. म्हणजे जो की टेड या भांडणात कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या निग्रो लीगमधला जॉश गिब्सन येतच नाही, त्याला मैदानातच घेतलं नव्हतं, जॅकी रॉबिन्सन, आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, आत आला त्याच्या तीन महिने आधी गिब्सन वारला. २०२४ ला निग्रो लीगचे आकडे मेजर लीगच्या वहीत धरले तेव्हा कारकिर्दीच्या अॅव्हरेजमध्ये गिब्सन पहिला निघाला, .३७२. विल्यम्सचं मला पटतं ते इथं, १९६६ ला हॉल ऑफ फेमच्या भाषणात त्याने स्वतःहून गिब्सन आणि निग्रो लीगच्याच सॅचेल पेजचं नाव घेतलं, की ते इथं नाहीत कारण त्यांना संधीच दिली नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं आणि पुढे जोडलं की आपल्याकडं दलित बॉलर पालवणकर बाळूंचं काय केलं ते आठवा, हिंदूंच्या टीमला त्यांचे बळी चालले, कॅप्टनकी नाही चालली. काकांनी अंगठापण दिला नाही. सांगायला सोपं जातं मला, सात समुद्र पलीकडून, हेही खरं.

पण काका मर्चंट-हजारेचं जे सांगतात ते लहानपणी मी शंभरदा ऐकलंय आणि त्याला तोड नाही. १९४३-४४ ची पेंटँग्युलर, म्हणजे धर्मवार टीमच्या स्पर्धेची, फायनल, ब्रेबॉर्न. हिंदू टीमकडून मर्चंट नाबाद २५०. हजारे ख्रिश्चन, म्हणून 'द रेस्ट', म्हणजे उरलेल्यांच्या टीमकडून. फॉलोऑन मिळाला, आणि दुसऱ्या डावात टीमच्या ३८७ पैकी ३०९ एकट्या हजारेंच्या. भाऊ विवेक दुसऱ्या बाजूने टिकून राहिला, ३०० च्या पार्टनरशिपमध्ये त्याचे २१. तरी डावाने हरले. काका हे सांगताना २१ वर थांबायचे आणि माझ्या भावाकडे बघायचे, मग माझ्याकडे. आता कळतं का बघायचे.

मी अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली २०१४ ला, बॉस्टनच्या फॅन्युइल हॉलमध्ये. वर्षभर काकांना सांगितलं नाही. फोनवर "काय नवीन?" विचारलं की बर्फ किती पडला ते सांगायचे. नंतर भावाकडून कळलं त्यांना. ते तेव्हा काहीच बोलले नाहीत, या रविवारपर्यंत.

घरमालक गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यांच्याशी मी शेवटपर्यंत विल्यम्सच्या बाजूने भांडले, का, तर शहर विल्यम्सचं आणि मला शहराच्या बाजूला असायचं होतं. त्यांना ते कळलं असणार.

काकांना अजून उत्तर दिलेलं नाही. ग्रुपवर 'हजारे' टाइप करून ठेवलंय, पाठवत नाहीये. पाठवलं की ते म्हणणार, बघा, आली शेवटी सांगलीवर.