दवादारू चालू आहे

आमच्या मराठवाड्यात माणूस आजाराला पुरून उरतो, चौकशांना नाही. मला साधा खोकला झालाय, तर आत्याबाई रोज फोनवर विचारतात, "दवादारू करू लालास का नाही?" त्यांना ऐकायला कमी येतं म्हणून त्या ओरडून बोलतात, माझा फोन स्पीकरवर नसतानाही स्पीकरवरच असतो.

खरं तर या शब्दातली दारू अगदी सोवळी. फारसीत दारू म्हणजे औषधच. इराणात आजही औषधाच्या दुकानाला 'दारूखाने' म्हणतात. (अशी पाटी आमच्या गल्लीत लागली तर शटर उघडायच्या आधीच रांग!) दवा आली अरबीतून, दारू फारसीतून, दोन्ही मिळून औषध-औषध, बाजारहाट म्हणतो तसंच. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या आमच्या आज्या-पणज्यांना त्यात वावगं काहीच वाटलं नाही. पुढं दारू बाटलीत गेली, तोफेत गेली. चिनी लोक तर तोफेच्या दारूलाच 'आगीचं औषध' म्हणतात, म्हणजे तिकडंही हाच घोळ. आता दवा शेजारी असेल तोवरच दारू कुळवंत. एकटी सापडली की संपलं.

आणि ती एकटी सापडली एसटीत. गंगाखेडहून परळीला निघालो होतो. फोन आला, रेंज मात्र खड्ड्यागणिक येत-जात होती. 'दवा' कुठल्यातरी खड्ड्यात पडली आणि गाडीभर ऐकू आलं,

"...दारू घेतलीस का?"

"घेतली," मी पुटपुटलो.

"आँ?"

"घेतली!"

"किती येळा?"

"तीन वेळा. जेवण झाल्यावर."

"सकाळची चुकवू नको बरं! आन् लेकरालाबी दे जराशी, त्येबी खोकू लालंय."

पुढच्या सीटवरच्या मावशींनी पदर नाकाला लावला. कंडक्टरनं माझ्याकडं बघून दोनदा बेल ओढली. शेजारी धोतर-टोपीतले एक बाप्पा होते, त्यांना मी घाईघाईनं सगळं सांगितलं: इराण, निजाम, अरबी, फारसी, चिनी. मधूनमधून खोकत. त्यांनी एक शब्द न बोलता ऐकून घेतलं. परळीचं थर्मल दिसायला लागल्यावर पिशवी उचलली आणि मायेनं म्हणाले,

"चांगलं बोलता की. पण हे समदं घेतल्यावरच सुचतंय, नव्हं?"